'छान आहे, फिरून येते': गिऱ्हाईक हातचं जातं त्या चुका

प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्या कुणालाही विचारा, दिवसभरात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? 'हो, छान आहे, फिरून येते हं.' म्हणणारी खोटं बोलत नसते, पण येतही नाही.

बचत गटांच्या आणि घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांच्या मालाची पाकिटं, लेबलं, दरपत्रकं लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. माल वाईट म्हणून धंदा बसला असं फार कमी वेळा पाहिलं. गल्ल्यामागे बसून जे दिसतं ते गल्ल्यासमोर उभं राहिल्यावर दिसत नाही, आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो. मोठमोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत, हे पुढे येईलच.

भाव न लिहिणं

पुण्यातल्या एका प्रदर्शनात चटण्या विकणाऱ्या एका काकूंच्या शेजारी मी अख्खा दिवस बसले होते. शेंगदाणा, कारळ, जवस, तीळ, लसूण-खोबरं, कढीपत्ता अशा चौदा बरण्या मांडलेल्या. चवीला चमचे ठेवलेले. भावाची पाटी मात्र कुठेच नाही. विचारलं तर काकू म्हणाल्या, "अगं, भाव लिहिला की लोक लांबूनच पुढे जातात. विचारलं की बोलायला तरी मिळतं."

गल्ल्यामागून हे बरोबर वाटतं. आता समोर या. सासूबरोबर आलेली एक बाई थांबते, कारळाची चटणी चाखते, मान डोलावते. भाव विचारायचा तर धास्ती असते की महाग निघाला तर काय बोलायचं? आपल्याकडे चव घेऊन, भाव विचारून, मग 'नको' म्हणणं लोकांना जड जातं. 'परवडत नाही' हे तर सासूसमोर कुणी म्हणणारच नाही. मग सुटायची एकच सोज्ज्वळ वाट उरते, फिरून येते.

दुपारी आम्ही एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि स्केचपेनने लिहिलं: '१०० ग्रॅम ८० रुपये, कोणतीही.' काकूंची भीती खरी ठरली, काहीजण पाटी वाचून पुढे गेले. पण थांबले ते भाव मनात पचवून थांबले होते. त्यांच्याशी बोलणं फक्त तिखट किती आणि टिकतं किती एवढंच उरलं. व्हॉट्सॲपवर 'किंमत पर्सनलवर विचारा' लिहिणाऱ्यांची चूक हीच आहे. तिथे तर विचारणाऱ्याला आपला नंबरही द्यावा लागतो आणि मग चार दिवस 'ताई, काय ठरलं?' झेलावं लागतं.

चौदा बरण्या

निवड करणं हेसुद्धा गिऱ्हाइकाला एक काम असतं. अमेरिकेतल्या एका दुकानात झालेला, २००० साली प्रसिद्ध झालेला जॅमचा प्रयोग यासाठी नेहमी सांगतात. २४ प्रकारचे जॅम चाखायला ठेवले तेव्हा जवळून जाणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोक थांबले, सहाच ठेवले तेव्हा ४० टक्के. पण थांबलेल्यांपैकी घेतलं किती जणांनी? २४ असताना ३ टक्क्यांनी, सहा असताना ३० टक्क्यांनी.

एवढ्यावरून 'प्रकार कमी करा' असा नियम ठोकू नका. पुढे इतरांनी असेच प्रयोग केले, त्यांत हा परिणाम दर वेळी दिसला नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतही जायला नको. साडीच्या दुकानात सहाच साड्या दाखवून बघा! बाई गादीवरून उठून शेजारच्या दुकानात जाईल. तिथे पन्नास साड्या उलगडून बघण्यातच खरेदीची मजा असते. चटणी हे उभ्या उभ्या, हातात पिशव्या आणि सोबत कंटाळलेलं पोर असताना ठरवायचं प्रकरण आहे. तिथे समोर चार बरण्या, त्यातल्या एकीवर 'सगळ्यात जास्त खपणारी' अशी चिठ्ठी (खरंच खपत असेल तर), आणि बाकीच्या मागे. कुणी विचारलंच तर काढून दाखवायच्या.

'आमच्याकडे सगळ्यांना आवडलं'

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊजणी हे वाक्य बोलतात. नणंदेला आवडलं, सोसायटीतल्या बायकांना आवडलं, भिशीत तर सगळ्यांनी रेसिपी विचारली. फुकट लाडू खाऊन तोंडावर नावं ठेवणारी माणसं मला अजून भेटायची आहेत.

कोकाकोलाची गोष्ट इथे आठवते. पेप्सीची गोड चव लोकांना आवडते म्हणून कंपनीने नवी चव तयार केली, जवळजवळ दोन लाख लोकांना चाखायला दिली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांनी नवीच बरी म्हटली. २३ एप्रिल १९८५ ला जुनी बंद करून नवी बाजारात आणली. लोक इतके चिडले की जुलैमध्ये जुनी चव 'क्लासिक' नावाने परत आणावी लागली. लोकांनी चाखताना खोटं सांगितलं नव्हतं. घोटभर पिऊन गोड चव उजवी वाटतेच. जुनी कायमची बंद केली तर कसं वाटेल, हा मुद्दा त्या घोटात नव्हताच.

म्हणून भिशीतल्या बायकांना चव विचारू नका. लाडू समोर ठेवा आणि म्हणा, 'दिवाळीला पाव किलो हवेत का? निम्मे पैसे आत्ता.' ज्या पर्स उघडतील तेवढंच तुमचं गिऱ्हाईक.

सवयीशी कुस्ती

कॉर्नफ्लेक्स विकणारी केलॉग्ज १९९४ मध्ये भारतात आली, कारखाना आपल्याच तळोज्याला. कुतूहलापोटी लोकांनी पहिला खोका घेतला, दुसरा घ्यायला मात्र फारसं कुणी आलं नाही. परदेशात हे कुरकुरीत पोहे थंड दुधात घालून खातात. आपल्याकडे सकाळी दूध तापवायचं आणि गरमच प्यायचं. गरम दुधात पडले की त्यांचा क्षणात लगदा. शिवाय ज्या घरात सकाळी कांदेपोह्यांची नाहीतर उपम्याची फोडणी बसते, तिथे गार आणि अळणी वाटी कुणाच्या घशाखाली उतरणार? माल चांगला होता, महागही होता, आणि घरोघरच्या सकाळी आड येत होत्या. चॉकलेटच्या चवीचा प्रकार आणून, मुलांना हाताशी धरून, कंपनीला पुढे बरीच वर्षं वाट काढावी लागली.

घरगुती मसाल्याचंही तेच. एका गटाने जुलैमध्ये कांदा-लसूण मसाल्याची किलोकिलोची पाकिटं काढली आणि खपत नाहीत म्हणून रडत बसले. वर्षाचा मसाला करणारं घर मिरच्या वाळवून, कांडून, बरणी भरून मे संपायच्या आत मोकळं झालेलं असतं. त्या घराला जुलैत मसाला विकणं म्हणजे भरल्या बरणीला झाकण विकणं! त्याच जुलैत पुण्यात नोकरीला आलेली, तिघींत एक स्वयंपाकघर असलेली मुलगी मात्र मसाला शोधत असते. तिच्याकडे बरणीच नाही, तिला पन्नास ग्रॅमची पुडी हवी. माल तोच ठेवून गटाने पुड्या केल्या. चिक शॅम्पूने ऐंशीच्या दशकात तमिळनाडूत छोट्या पाकिटांतून शॅम्पू विकला, तेव्हा हेच ओळखलं होतं. बाटलीचे पैसे एकदम काढणं ज्यांना जमत नव्हतं, ते एका न्हाण्यापुरते पैसे सहज देत होते.

पितृपक्षात मोठ्या वस्तूंची जाहिरात करून हात पोळून घेणारे दरवर्षी भेटतात. कॅलेंडर भिंतीवरच असतं.

'सगळ्यात स्वस्त' ही पाटी

नॅनोबद्दल आपल्याकडे हळवेपणाने बोललं जातं, आणि ते योग्यही आहे. स्कूटरवर पुढे मुलगा, मागे बायको, तिच्या मांडीवर बाळ, अशी पावसात भिजत जाणारी चौघं पाहून रतन टाटांना ती सुचली. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत ती दाखवली तेव्हा जगभर एकच बातमी झाली: एक लाखाची गाडी. बंगालातल्या सिंगूरचा कारखाना गुजरातमध्ये साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांनी पेट घेतला, ती न चालण्यामागे ही कारणं होतीच. पण वर्षाला अडीच लाख गाड्या बनवण्याची तयारी असलेल्या त्या गाडीचा खप सगळ्यात चांगल्या वर्षीही पाऊण लाखाच्या आतच राहिला. जून २०१८ मध्ये तर अख्ख्या महिन्यात एकच नॅनो तयार झाली. सर्वांत स्वस्त म्हणून ती विकली गेली ही चूक झाली, असं पुढे स्वतः टाटांनीच सांगितलं.

चाळीतल्या माणसाने आयुष्यातली पहिली गाडी आणली की पेढे वाटतात, हार घालतात, नारळ फोडतात. त्या नारळाला 'देशातली सगळ्यात स्वस्त' ही पाटी चालत नाही. त्यापेक्षा जुनी, दुसऱ्याची वापरलेली, पण 'मोठी' गाडी त्याला बरी वाटते. स्वस्त हवं असतं सगळ्यांना, स्वस्त दिसायचं नसतं कुणालाच.

बारमाही सवलत ही याच चुकीची धाकटी बहीण. १२० चे लाडू सहा महिने शंभराला विकलेत तर गिऱ्हाइकाच्या डोक्यात भाव शंभरच बसतो, आणि एकशेवीस लावल्या दिवशी तुम्ही वीस रुपयांनी लुटता. माणसाला वीस वाचल्याचा आनंद होतो त्यापेक्षा वीस गेल्याचं दुःख जास्त होतं. बिस्किटपुड्याचा भाव तोच ठेवून आतली बिस्किटं कमी का होतात ते यावरून कळेल. तुम्ही तसं करू नका. घरगुती मालाचं गिऱ्हाईक ओळखीचं असतं, ते पुडी हातात घेऊन तोलतं. सूट द्यायचीच तर कारण आणि तारीख सांगून द्या: 'दसऱ्यापर्यंत नोंदवलं तर.'

विक्री अडली तर आधी काय बघायचं

दोन रुपयांची वही घ्या (आता दहाची असेल). चार रकाने करून दिवसभर रेघा ओढा: थांबले किती, चव घेतली किंवा भाव विचारला किती, घेतलं किती, परत आले किती.

थांबतच नसतील तर पाटी, मांडणी आणि जागा बघा, चवीला हात लावू नका. चव घेतात पण घेत नाहीत, तर भाव, वजन आणि पुढच्या बरण्यांची गर्दी. इथे लोक घाबरून चव बदलतात आणि जे धड होतं तेही बिघडवतात. एकदा घेतात आणि पुन्हा येत नाहीत, तर मग माल घरी गेल्यावर काय झालं ते शोधायचं. तेल सुटलं? झाकण नीट लागत नाही? मुलांना तिखट लागलं? की नुसतं पाकिटावर नंबर नसल्याने मागवता आलं नाही? हे शेवटचं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

शोधायला फोन करावा लागतो आणि तिथेही एक चूक होते. 'कसं होतं, आवडलं ना?' असं विचारलं की 'हो, छान होतं' हेच उत्तर येणार, फिरून येतेचं भावंड. काकूंना मी दुसरा प्रश्न शिकवला: "चटणी संपली का हो?" पंधरा दिवसांनी त्यांनी अकरा जणींना फोन केले. चौघींची संपली होती, त्यांनी लगेच पुढची सांगितली. पाचजणींची 'आहे अजून थोडी'. एकीने सांगितलं, सासऱ्यांना दाताखाली शेंगदाण्याचे मोठे तुकडे लागतात. अकरावी म्हणाली, ती बरणी तशीच शेजारणीला दिली, पण शेजारीण तुमचा नंबर मागत होती, देऊ का?