ईडीएनए सॅम्पलिंग: मालवणला जायच्या आधी फुटाळ्यावर हात बसवा

हंपबॅक डॉल्फिन किंवा करवती मासा शोधायचा म्हटलं की आधी बोट आणि दुर्बीण आठवते, पण हे जीव जिथून जातात तिथल्या पाण्यात त्यांच्या कातडीचे कण, विष्ठा, चिकट स्राव राहतो, त्यातला डीएनए (हाच ईडीएनए, म्हणजे एन्व्हायर्नमेंटल डीएनए) गाळून घेतला की जनावर न दिसताही पत्ता लागतो. कतारजवळ तर व्हेल शार्कच्या आसपासच्या पाण्यातून त्यांच्या अख्ख्या पॉप्युलेशनची जेनेटिक माहिती काढली होती, तो पेपर २०१६ चा.

आपण नागपूरवाले समुद्रापासून लांब, म्हणून थेट कोकणची तिकिटं काढू नका. आधी फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावावर करून पाहा. तिथं जाळ्यात कोणते मासे निघून राहिले ते डोळ्यानं दिसतं, मग तेच मासे तुमच्या रिझल्टमध्ये आले नाहीत तर गडबड तुमच्या पद्धतीत आहे हे घरच्या घरी कळतं ना.

परवानगीचं पण आधीच पाहा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, तिथं वनविभागाला विचारल्याशिवाय बाटली बुडवायची नाही, आणि वन्यजीव विभागाचं मुख्य ऑफिस आपल्या सिव्हिल लाइन्सच्या वनभवनातच आहे.

आता खरं काम म्हणजे स्वच्छता, यात अजिबात कंजूषी नको. बाटल्या, फिल्टर होल्डर सगळं १० टक्के ब्लीचमध्ये बुडवून मग डिस्टिल्ड वॉटरनं नीट धुवा, ब्लीच उरलं तर सॅम्पलमधला डीएनए पण जातो. प्रत्येक जागेला नवे ग्लोव्ह्ज. सकाळी सुरमईची थाळी खाऊन तेच हात घेऊन बोटीवर चढलात तर रिझल्टमध्ये सुरमई निघणारच, अन् जेट्टीजवळ मासे धुतलेलं पाणी वाहत असते, तिथं तर सॅम्पल घेऊच नका.

दर ठिकाणी एक-एक लिटरचे तीन सॅम्पल घ्या, आणि सोबत एक फील्ड ब्लँक, म्हणजे घरून नेलेलं डिस्टिल्ड वॉटर तिथंच, त्याच सामानानं गाळायचं. ब्लँकमध्ये माशाचा डीएनए निघाला तर त्या दिवसाच्या डेटावर भरवसा ठेवता येत नाही, कितीही वाईट वाटलं तरी. फिल्टर ०.४५ मायक्रॉनचा चालतो, गढूळ पाण्यात तो लवकर चोंदतो म्हणून पावसाळ्यात जाऊ नका, तसंही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोट मिळणं कठीण.

पाणी लगेच गाळा, फिल्टर इथेनॉलमध्ये किंवा लाँगमायर बफरमध्ये (डीएनए टिकवणारं द्रावण) टाका, सावलीत ठेवा. नुसतं पाणी बाटलीत भरून नागपूरपर्यंत आणायचा विचार पण करू नका, उन्हाळ्यात आपल्याकडं ४५ डिग्री असते, ऊन-उष्णता आणि बॅक्टेरिया डीएनए तोडून टाकतात.

लॅबमध्ये एकच प्राणी शोधायचा असेल तर त्याच्याच प्रायमरनं (फक्त त्याच्या डीएनएला चिकटणारा छोटा तुकडा) क्यूपीसीआर करा, म्हणजे त्या डीएनएच्या प्रती वाढवत मोजणारी चाचणी, सगळे मासे पाहायचे तर मायफिश या माशांच्या प्रायमरनं मेटाबारकोडिंग, म्हणजे सॅम्पलमधल्या सगळ्या जातींचे डीएनए एकदम वाचणं, पण डॉल्फिनसाठी माशांच्या प्रायमरवर विसंबू नका, सस्तन प्राण्यांचे वेगळे वापरा. जेनबँकमध्ये (डीएनए सिक्वेन्सचा खुला डेटाबेस) त्या जातीचं सिक्वेन्स आहे का ते आधीच बघून घ्या, नसेल तर मॅच कशाशी करणार?

रिपोर्ट लिहिताना "डॉल्फिन इथं होता" असं ठामपणे लिहू नका, प्रवाह डीएनए लांबून वाहून आणू शकतो. समुद्राच्या पाण्यात तो साधारण काही तास ते काही दिवसच टिकतो, म्हणून "अलीकडे या भागात असावा" इतकंच लिहा. किती डॉल्फिन होते हा आकडा यातून काढू नका, आणि काहीच सापडलं नाही तर "सापडला नाही" लिहा, "नाही" असं लिहू नका, अन् ब्लँकचा रिझल्ट त्याच टेबलमध्ये टाका.