पीएचपीतून दिलेली पीडीएफ उघडत नसेल तर

जिंतूरकडचा विद्यार्थी कॉलेजच्या साइटवरून प्रवेश अर्ज उतरवतो. फाईल येते, पण उघडत नाही, आणि मराठी नावाच्या जागी नुसता कचरा दिसतो. सर्व्हरवरची फाईल बहुतेक वेळा ठणठणीत असते. ती पाठवणाऱ्या पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) स्क्रिप्टमधली एखादी मोकळी ओळ किंवा ‘बॉम’चे (मजकूर-फाईलच्या सुरुवातीच्या न दिसणाऱ्या खुणेचे) ३ बाइट पीडीएफच्या सुरुवातीला चिकटतात. ब्राउझरला लांबी मूळ फाईलचीच सांगितलेली असल्यामुळे शेवटचे तेवढेच बाइट कापले जातात, आणि पीडीएफची अनुक्रमणी नेमकी शेवटीच असते.

१. स्क्रिप्ट ‘यूटीएफ-८, बॉमशिवाय’ अशी सेव्ह करा. जोडलेल्या सगळ्या फाईलींतला पीएचपीचा शेवटचा टॅग काढून टाका.

२. हेडरआधी (फाईलच्या आधी ब्राउझरला जाणाऱ्या माहितीच्या ओळींआधी) साठलेलं आउटपुट पुसणारं ‘ओबी_एंड_क्लीन’ चालवा, ‘ओबी_गेट_लेव्हल’ शून्य होईपर्यंत.

३. ‘कंटेंट-टाइप’ (फाईलचा प्रकार) आणि ‘कंटेंट-लेंग्थ’ (लांबी) हे हेडर द्या. लांबी ‘फाईलसाइझ’कडून घ्या.

४. ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ या हेडरमध्ये फाईलचं नाव दोनदा द्या. ‘फाईलनेम’मध्ये साधं रोमन नाव. मग ‘फाईलनेम’पुढे तारांकन, बरोबरचं चिन्ह, ‘यूटीएफ-८’, लागोपाठ दोन एकेरी अवतरणचिन्हं आणि ‘रॉ-यूआरएल-एनकोड’ केलेलं मराठी नाव. नुसतं ‘यूआरएल-एनकोड’ नको, त्यात मोकळ्या जागेचं अधिकचिन्ह होतं.

५. ‘रीडफाईल’ने फाईल पाठवा, आणि लगेच ‘एक्झिट’ने स्क्रिप्ट थांबवा.

फाईलचा पत्ता मात्र लिंकमधून कधीच घेऊ नका. दोन टिंबं आणि तिरपी रेघ टाकून कुणीही पासवर्डची फाईल उतरवून नेईल. लिंकमध्ये फक्त क्रमांक ठेवा, खरं नाव स्क्रिप्टमधल्या यादीतून काढा.