फळमाशीवर प्रोजेक्ट करताय? जनुकाला दोष देण्याआधी या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत एम.एस्सी. प्राणिशास्त्र करणाऱ्यांच्या हाती कधी ना कधी ड्रॉसोफिलाच्या (प्रयोगशाळेतल्या बारक्या फळमाशीच्या) बाटल्या येतात. क्रॉस (ठरवून लावलेली नर-मादीची जोडी) फसला की सगळ्यांचं एकच: “म्युटेशन दिसतच नाहीये.” बहुतेक वेळा म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, जागेवर असतं. घोळ असतो खोलीत, बाटलीत, नाहीतर माशीच्या आईकडे.

आधी माशी कुठली ते बघा. वाशीच्या मार्केटमधून आणलेल्या आंब्यात अळ्या निघाल्या तर त्या बहुधा बॅक्ट्रोसेरा या फळं पोखरणाऱ्या माशीच्या. ती माशी वेगळ्याच कुळातली. पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या बारक्या माश्या ड्रॉसोफिला असतीलही, पण त्यांच्याही जाती अनेक. क्रॉससाठी खात्रीचा स्टॉकच (प्रयोगशाळेत जपलेला, ओळख पक्की असलेला वाण) घ्या.

सगळ्यात जास्त बळी घेतो तो उकाडा. मेलानोगास्टर (प्रयोगांत वापरतात ती ड्रॉसोफिलाची जात) २५ अंशांना अंड्यापासून साधारण १० दिवसांत माशी होते, १८ अंशांना जवळपास दुप्पट वेळ लागतो. एप्रिल-मेमध्ये ठाण्यातल्या पंख्याखालच्या टेबलावर पारा तिशीपार जातो आणि नर वांझ होऊ लागतात. तापमान जनुकाचा परिणामही बदलतं. ‘कर्ली’ म्युटेशनचे वळलेले पंख थंडाव्यात सरळ दिसू शकतात, ‘व्हेस्टिजिअल’चे खुरटलेले पंख उष्णतेत लांब होतात. म्हणजे एसी रात्री बंद झाला की पिल्लांमधलं तुमचं गुणोत्तर बिघडलं! इन्क्युबेटर नसेल तर निदान रोज दोनदा तापमान वहीत लिहा.

व्हर्जिन (अजून समागम न झालेल्या) माद्यांच्या बाबतीत आळस नको. २५ अंशांना कोषातून बाहेर आल्यापासून आठ तासांच्या आत त्या वेगळ्या करा. मादी शुक्राणू कित्येक दिवस साठवून ठेवते, त्यामुळे उशीर झाला तर पिल्लांचा बाप कोण हे सांगता येत नाही. नर ओळखताना पोटाच्या काळ्या टोकावर विसंबू नका, नुकत्याच निघालेल्या माशीत ते फिकट असतं. पुढच्या पायावरचा सेक्स कोम (फक्त नराला असणारी काळ्या राठ केसांची कंगव्यासारखी ओळ) पाहा.

आता आईचा मुद्दा. ‘बायकॉइड’ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेली मादी स्वतः धडधाकट असते, कारण तिच्या आईकडे एक चांगली प्रत होती. पण तिच्या अंड्यांतल्या गर्भांना डोकं आणि छाती तयार होत नाही. नर कितीही चांगला द्या, फरक पडत नाही: डोकं कुठल्या टोकाला हे ठरवणारा आरएनए आईच अंड्यात भरून ठेवते. अंडी फुटत नाहीत म्हणून मीडियम (बाटलीतलं खाद्य) बदलत बसण्यात अर्थ नाही.

व्हायवात हमखास चुकणारा प्रश्न: ‘अल्ट्राबायथोरॅक्स’ हे पंख बनवणारं जनुक आहे का? उलट आहे. ते छातीच्या तिसऱ्या खंडात पंख होऊ देत नाही, म्हणून तिथे संतोलक (उडताना तोल सांभाळणारे छोटे अवयव) बनतात. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ एड लुईस यांची प्रसिद्ध चार पंखांची माशी हे जनुक त्या खंडात निकामी झाल्याने घडली, आणि त्यासाठी त्याच्या नियामक भागातली अनेक म्युटेशन्स एकत्र आणावी लागली होती. लुईस यांना १९९५ चं नोबेल न्यूसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस यांच्यासोबत मिळालं. जनुकाच्या दोन्ही प्रती पूर्ण निकामी झाल्या तर पिल्लू मोठं होण्याआधीच मरतं. त्यामुळे एकच बिघडलेली प्रत असलेल्या स्टॉकमध्ये चार पंख शोधू नका. मायक्रोस्कोपखाली संतोलक पाहा, ते किंचित फुगलेले असतात.