बाप्तिस्म्याला काय घालायचं? आधी पाणी किती ते विचारा

आमच्या घरात दोन वर्षांत तीन बाप्तिस्मे (पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घ्यायचा विधी) झाले आणि तिन्ही वेळा जेवणापेक्षा जास्त डोकं कपड्यांनी खाल्लं, म्हणून लिहून ठेवून राहिलो. दुकानात जायच्या आधी पाळकांना नाहीतर फादरना फोन लावा आणि एवढंच विचारा, की डोक्यावर पाणी घालणार का पूर्ण बुडवणार. बाकी सगळं यावरून ठरते. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट इथे बहुतेक तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात, बॅप्टिस्ट आणि पेन्टेकोस्टल मंडळ्यांमध्ये समजत्या वयाच्या माणसाला हौदात नाहीतर नदीत अख्खं बुडवतात.

बाळाचं असलं तर पांढरं झबलं-टोपडं पुरते, खरंच. लांब गाऊन फोटोत छान दिसते पण जाळी नायलॉनची असली की पोट्टं पाणी पडायच्या आधीच रडायला लागते. नागपुरात गांधीबागेच्या कापडबाजारातून मऊ मलमल घ्या आणि ओळखीच्या टेलरकडून शिवून घ्या, पण आठ-दहा दिवस आधी द्या, आणि माप थोडं सैल ठेवा कारण या वयात बाळ बघता बघता वाढते. समोरून उघडणारं शिवायला सांगा, काऊन की कॅथलिक विधीत छातीला तेल लावतात आणि मागे बटणं असली की सगळं उतरवत बसावं लागते. टोपड्याची नाडी एका ओढीत सुटली पाहिजे. आणि आजीला आधीच सांगून ठेवा की त्या दिवशी काजळाची तीट नको, पाणी पडलं की तो काळा ओघळ सरळ झबल्यावर येते, आमच्याकडे आला.

पांढराच काऊन, हा प्रश्न आमच्या आजीने पण विचारला होता, तिच्या डोक्यात पांढरं म्हणजे मयतीचं. जुन्या काळी ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा झालेले लोक आठवडाभर पांढरे कपडे घालून राहायचे, आणि गलतीकरांच्या पत्रात 3:27 मध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्यांनी ख्रिस्ताला परिधान केलं असंच लिहिलंय. कॅथलिक चर्चमध्ये तर पांढरं वस्त्र विधीतच येते, पाणी घातल्यानंतर देतात, म्हणून एक पांढरी शाल नाहीतर छोटं उपरणं गॉडमदरच्या (बाळाच्या धर्ममातेच्या) हातात आधीपासून असू द्या, ऐन वेळी पिशव्या उचकत बसू नका.

आई आणि गॉडमदर काहीही घालोत, फक्त बाळाचा गाल जिथे टेकते तिथे जर, टिकल्या, ब्रोच नको. आपल्या विदर्भातली करवती काठाची टसर साडी यासाठी एकदम मस्त, रंग मुळातच क्रीमसारखा आणि टोचत नाही. पाहुण्यांनी नेहमी उपासनेला घालतो तसंच घालावं. मे महिन्यात नागपुरात सूट घालून येणाऱ्या काकांना तर मी हात जोडतो.

आता बुडवण्याचं. इथे लोक फसतात. पांढरा पातळ कुर्ता ओला झाला की आरपार दिसते, तेव्हा जाड सुती घ्या आणि आतून अंगाच्या रंगाचं बनियान, स्लिप, लेगिंग असं काहीतरी घाला, पांढऱ्याखाली पांढरं पण दिसतेच. साडी नको, पदर पाण्यावर तरंगते आणि पायात येते. सलवार-कुर्ता बरा, ओढणी पिनांनी पक्की करा नाहीतर नेऊच नका. घेरदार कुर्ता पाण्यात फुग्यासारखा वर येते, त्यावर उपाय म्हणजे खालच्या पट्टीत छोटी वजनं शिवून घ्यायची. काही चर्च स्वतःच झगे देतात, तेही फोनवरच विचारून घ्या. जीन्स नकोच, ओली झाली की वजन दुप्पट वाटते आणि हौदाच्या पायऱ्या चढताना दम लागते. घड्याळ, कॉन्टॅक्ट लेन्स आणि खिशातला मोबाईल कोणाकडे तरी देऊन उतरा.

सोबत मोठा टॉवेल, आतल्या कपड्यांसकट पूर्ण दुसरा जोड, रबरी चप्पल आणि ओल्यासाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी. आमचा मेव्हणा दुसरा जोड घरीच विसरला, डिसेंबरातली सकाळ होती, आणि सदर भागापासून घरापर्यंत बिचारा स्कूटीवर ओल्या झग्यातच कुडकुडत आला.