डस्टरचं इंजिन उसळायचं, ते असं थांबवलं

ओहायोत १९७२ची प्लिमथ डस्टर ही जुनी अमेरिकन गाडी स्वस्तात मिळाली. २२५ घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन काढून जुन्या क्रायस्लर गाडीतलं ४४० घनइंची मोठं V8 बसवलं. ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्टीवर) पहिल्यांदाच गाडी जोरात सोडली तर धाडकन आवाज आला, रेडिएटरच्या पंख्याने त्याच्याभोवतीचं आवरण, म्हणजे श्राउड, खरवडून काढलं. घरी बॉनेट उघडं ठेवलं, मित्राने ब्रेक दाबून गिअर टाकला आणि हलका अ‍ॅक्सिलरेटर दिला. (गाडीसमोर मात्र कुणीही उभं राहू नका!) इंजिनाची डावी बाजू चक्क दोन इंच वर आली. त्या बाजूच्या माउंटचं, म्हणजे इंजिन चासीला धरून ठेवणाऱ्या आधाराचं, रबर फाटलं होतं. टॉर्कचा (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा) उलटा झटका डावीकडूनच इंजिन उचलतो. दोन्ही माउंट नवे टाकले, शिवाय डाव्या हेडपासून (सिलिंडरवरच्या झाकणापासून) खालच्या क्रॉसमेंबरपर्यंत (चासीच्या आडव्या दांड्यापर्यंत) जाड साखळी बांधली. किंचित ढिली, नाहीतर सगळी थरथर बॉडीत येते. आता इंजिन जागचं हलत नाही.