एजंटच्या हाती स्विच देताना टूलचं वर्णन नीट लिहा

नेटवर्कच्या स्विचवर बदल करणाऱ्या एआय एजंटला टूलचा, म्हणजे त्याला वापरायला दिलेल्या फंक्शनचा, कोड दिसत नाही. दिसतं ते नाव, वर्णन आणि पॅरामीटर. त्यामुळे ‘ट्रंकवर व्हीलॅन सेट करतो’ एवढ्यावर भागवू नका. (व्हीलॅन म्हणजे स्विचवर पाडलेलं वेगळं आभासी नेटवर्क; ट्रंक म्हणजे असे अनेक व्हीलॅन वाहून नेणारा पोर्ट.) सिस्को आयओएसमध्ये (सिस्कोच्या स्विचवरची सिस्टीम) ट्रंकवर नुसतं ‘अलाउड व्हीलॅन ३०’ दिलं की आधीची यादी पुसली जाते आणि एकटा ३० उरतो. मध्ये ‘ॲड’ लावलं तरच तो यादीत वाढतो. टूल यातलं नेमकं काय करतं हे लिहिलं नसेल, तर खराडीच्या ऑफिसात एक व्हीलॅन जोडायला गेलेला एजंट बाकीचे सगळे तोडून बसेल. त्यात मॅनेजमेंटचाही, म्हणजे स्विच दुरून सांभाळायचा, व्हीलॅन गेला, तर हिंजवडीहून स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल घेऊन भर ट्रॅफिकमध्ये कुणाला तरी पळावं लागतं.

म्हणून असं लिहा: ‘दिलेला एक व्हीलॅन ट्रंकच्या यादीत वाढवतो, आधीचे काढत नाही. ॲक्सेस पोर्टवर (ज्यावर एकच व्हीलॅन असतो) वापरू नये. क्रमांक २ ते ४०९४. १००२ ते १००५ राखीव. पोर्टचं नाव पूर्ण द्यावं, उदा. गिगाबिटइथरनेट १/०/२४. बदल फक्त चालू कॉन्फिगमध्ये होतो; सेव्ह केला नाही तर रीबूटनंतर राहत नाही.’

वाचणारं आणि बदलणारं टूल कधीच एकत्र करू नका. आणि हे वाक्य हमखास घाला: ‘टाइमआउट आला म्हणजे बदल झाला नाही असं नव्हे, आधी पोर्टची स्थिती वाचावी, मगच पुन्हा प्रयत्न करावा.’ अपलिंकचा (स्विचला बाकीच्या नेटवर्कशी जोडणारा) पोर्ट मात्र वर्णनाच्या भरवशावर सोडू नका; तो कोडमध्येच नाकारा.