या चुका टाळा: कणांचं प्रमाण बदलून जाडावण्याचा वेग मोजताना

एजिंगमध्ये, म्हणजे मिश्रधातू बराच वेळ एकाच तापमानाला तापवत ठेवताना, त्यातले बारीक कण विरघळतात, त्यांचं द्रव्य मोठ्या कणांवर जाऊन बसतं आणि सरासरी त्रिज्या वाढत जाते. हेच जाडावणं. त्रिज्येचा घन वेळेच्या प्रमाणात वाढतो, हा १९६१ सालचा लिफ्शिट्झ, स्लिओझोव्ह आणि वाग्नर यांचा नियम. तो कणांचं प्रमाण (मिश्रधातूतला कणांचा वाटा) जवळजवळ शून्य धरून काढलेला आहे, हे विसरून ३० टक्के कणांच्या मिश्रधातूला सूत्र जसंच्या तसं लावलं जातं. कण जवळ आले की डिफ्यूजनचं (अणूंच्या सरकण्याचं) अंतर घटतं. घनाचा नियम टिकतो, पण वेगाचा स्थिरांक वाढतो आणि आकारांचा पसारा रुंदावतो. शून्य प्रमाणाला सर्वांत मोठा कण सरासरीच्या दीडपटच असू शकतो. प्रमाण वाढलं की ही मर्यादा ओलांडली जाते. ३० टक्क्यांना स्थिरांक दोन-तीन पट सांगणारे सिद्धांत आहेत, त्याहून जास्त सांगणारेही. म्हणजे शोधायचा फरक काही पटींचाच असतो आणि बाकीच्या चुका तो सहज गिळून टाकतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तापमान बदलून प्रमाण बदलणं. तसं केलं की डिफ्यूजन आणि विद्राव्यताही बदलतात. मग वेगातला फरक कशामुळे आला ते सांगता येत नाही. तापमान एकच ठेवा आणि एकाच टाय-लाइनवरच्या, म्हणजे कणांची आणि त्यांच्याभोवतीच्या मूळ धातूची (मॅट्रिक्सची) घडण तीच राहील अशा, निरनिराळ्या रचना ओता. समजा निकेल-अॅल्युमिनियममध्ये एजिंगच्या तापमानाला मॅट्रिक्समध्ये ११ आणि कणांत २३ अणुटक्के अॅल्युमिनियम आहे. लिव्हर रूलने (मिश्रधातू आणि मॅट्रिक्समधला फरक भागिले कण आणि मॅट्रिक्समधला फरक) १२ टक्क्यांच्या मिश्रधातूत १/१२, म्हणजे सुमारे ८ टक्के कण, आणि १५ टक्क्यांच्या मिश्रधातूत ४/१२, म्हणजे ३३ टक्के. दोन्हींत मॅट्रिक्स तेच, कण तेच.

भट्टीच्या डिस्प्लेवर विसंबू नका, थर्मोकपल (तापमान मोजणारं तारांचं साधन) नमुन्याला टेकलेलं हवं. डिफ्यूजनची सक्रियण ऊर्जा (अणूला जागा बदलायला लागणारी) मोलला २७० किलोज्यूल धरली, तर ७०० अंशांच्या आसपास १० अंशांच्या चुकीने डिफ्यूजन सुमारे ४० टक्क्यांनी बदलतं. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाऊ शकते, त्यामुळे २५६ तासांचं एजिंग सुरू करण्याआधी वार बघा. तापमानाची नोंद सतत ठेवा आणि भट्टी थंड पडलेले तास वेळेतून वगळा.

नमुने ४, १६, ६४, २५६ तासांना काढून लगेच पाण्यात विझवा. सावकाश थंड केलं तर उरलेल्या द्रव्यातून नवे बारीक कण उगवतात आणि सरासरी खाली ओढतात. हिस्टोग्रामवर दोन शिखरं दिसली की आधी हाच संशय घ्या. घड्याळही एजिंगच्या पहिल्या मिनिटापासून चालू करू नका. कणांचं प्रमाण स्थिर होईपर्यंतची वाढ ही अतिसंपृक्ततेची, म्हणजे मॅट्रिक्समध्ये जास्तीचं विरघळलेलं द्रव्य बाहेर पडण्याची, असते. प्रत्येक नमुन्यात प्रमाण मोजा. ते वाढतच असेल तर तो बिंदू आलेखात घेऊ नका. आलेख त्रिज्येच्या घनाचा वेळेशी काढा. लॉग-लॉगवर सुरुवातीची त्रिज्या सोडून दिली, तर उतार १/३ पेक्षा कमी येतो आणि नियमच मोडल्याचा भास होतो.

मोजणीतही प्रमाणाचा सापळा आहे. एकाच आकाराच्या गोळ्यांचा सपाट छेद घेतला तर वर्तुळांची सरासरी त्रिज्या खऱ्या त्रिज्येच्या ०.७९ पट भरते. एचिंग (रसायनाने पृष्ठभाग कोरणं) जास्त झालं तर पृष्ठभागाखालचे कणही चित्रात येतात, म्हणून प्रमाण फुगतं. ३० टक्क्यांच्या वर चिकटलेल्या दोन कणांना सॉफ्टवेअर एकच समजतं, त्यामुळे जास्त प्रमाणाच्या नमुन्यात जाडावणं खोटंच वेगवान दिसतं. असे कण हाताने वेगळे करा आणि प्रत्येक नमुन्यात निदान ३०० तरी मोजा.

एवढं करूनही प्रमाणाचा परिणाम दिसला नाही, तर आकडे ओढून-ताणून सिद्धांतात बसवू नका. १९७४ साली चेलमन आणि आर्डेल यांना निकेल-अॅल्युमिनियमच्या गॅमा-प्राइममध्ये (या मिश्रधातूतल्या कणांत) जास्त प्रमाणालाही वेगात वाढ सापडली नव्हती. तिथे कण आणि मॅट्रिक्स यांच्या अणुजाळीच्या मापातल्या तफावतीचा ताण आणि कण-मॅट्रिक्स सीमेतून होणारं डिफ्यूजन तपासायला हवं.